टोपणाआडच्या कृत्तिका

या सदरातले अनुभव मी वाचते ते दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसत हसत वाचते. कुणाला पिंपळाखाली कोण दिसलं, कुणाच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण येऊन बसलं... मी मनात म्हणायची, या लोकांची झोप पुरी होत नसेल. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर आमच्या घरात सगळे दात काढतायत. काढू देत. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता आणि भुताखेतांवर तर आजही नाही. दर शनिवारी आमच्या बोळात लिंबू-मिरची विकणारा येतो, त्याला मी लांबूनच हात हलवते. लिंबू सरबतात पिळावं आणि मिरची ठेच्यात घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगावर काटा यावा म्हणून वाचत असाल तर आधीच सांगते, तसं यात काही नाही. पांढरी साडी नाही, पैंजणांचा आवाज नाही. माझी मुलगी आहे आणि एक फोटो आहे. पण जे घडलं ते मी माझ्या हातांनी केलंय आणि माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी सुनंदा. छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडे निघालात की डाव्या हाताच्या एका बोळात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको. सासूबाईंनी सुरू केलेलं दुकान, आता मी बघते. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. राहायला आम्ही सिडकोत. एकच मुलगी — केतकी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स.

या केतकीला आकाशाचं वेड कुठून लागलं, देव जाणे. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात वर बघून चालणारं कोणी नाही. हिचं मात्र आठवीपासून सुरू. गच्चीवर चटई टाकून झोपायची आणि मला हाका मारायची, "मम्मी, कृत्तिका बघ, कृत्तिका!" मी बघायची. सहा-सात बारीक तारे एकमेकांना चिकटून बसलेले, छोटासा झुबका. सिडकोच्या लाइटांत तर तोही नीट दिसत नाही. मी म्हणायची, "छान आहे, आता खाली ये, दूध उतू जाईल."

मग तिनं एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा मिळवला, सोबत एक लांबडी लेन्स. आणि तेव्हा मला कळलं की ताऱ्यांचा फोटो काढणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. तारे सारखे सरकत असतात (म्हणजे आपणच फिरत असतो, पण ते राहू द्या), त्यामुळे जरा जास्त वेळ फोटो घेतला की ताऱ्याच्या जागी रेघ येते. त्यासाठी ताऱ्यांबरोबर हळूहळू कॅमेरा फिरवणारं यंत्र लागतं. विकत घेऊन द्या म्हणून तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. दुकानातलं जुनं शेल्फ मी मोडीत काढलं होतं, त्याच्या दोन फळ्या तिनं उचलल्या, मध्ये दाराची बिजागरी ठोकली, भंगारातल्या प्रिंटरची मोटर बसवली आणि दिवाळीच्या सुट्टीत ते यंत्र उभं केलं. एक फळी खाली पक्की, दुसरी डोळ्यांना कळणार नाही इतकी हळू उघडत जाते, तिच्यावर कॅमेरा. आमचे हे रात्रपाळीहून आले आणि त्या फळ्यांकडे बघून म्हणाले, "ही आता घरपण फिरवणार वाटतं." पण दुसऱ्या दिवशी कंपनीत सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होते, हे मला मागाहून कळलं. मी काय केलं विचाराल तर — दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला, तिला हवं असो नसो, पोरीनं यंत्र बनवलं हे सांगितलं. फॉल लावून होईपर्यंत तिला दुसरं ऐकायला तरी काय असतं!

आता मुद्द्याचं. पुण्यातली एक संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत आकाश बघणाऱ्या मुलांचं शिबिर घेते. निवडलेल्या मुलांना खऱ्याखुऱ्या मोठ्या दुर्बिणीवर काम करायला मिळतं. त्यासाठी एका तारकापुंजाचा स्वतः काढलेला फोटो पाठवायचा, मूळ फाइलींसकट. केतकीच्या कॉलेजमधून आजवर कुणाची निवड झालेली नव्हती. हिनं मनात धरलं — आपण जायचं, आणि कृत्तिकांचाच फोटो पाठवायचा. कृत्तिकांच्या भोवती म्हणे एक निळसर धुकं असतं, साध्या डोळ्यांना न दिसणारं. ते धुकं फोटोत आलं पाहिजे, हा तिचा हट्ट. शहरातून ते येणं शक्यच नाही. काळंकुट्ट आकाश पाहिजे, म्हणजे अमावास्या पाहिजे. लोकं कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशी बघतात, माझी पोरगी अमावास्येभोवती लाल पेनानं गोल करते.

गेल्या मार्चमधली अमावास्या ही शेवटची संधी होती. मार्चमध्ये दिवेलागणीला कृत्तिका पश्चिमेला असतात आणि रोज थोड्या थोड्या खाली जातात. एप्रिल सरता सरता त्या सूर्याच्या उजेडात बुडून जातात, मग काही महिने संध्याकाळच्या त्या दिसतच नाहीत. फेब्रुवारीच्या अमावास्येला हिची परीक्षा होती. म्हणजे आता नाही तर या वर्षी नाहीच.

म्हणून आम्ही दोघी माझ्या माहेरी गेलो. अजिंठ्याचा घाट उतरला की सोयगावच्या वाटेवर माझ्या धाकट्या भावाचं, दत्ताचं शेत आहे. शेतातच त्याचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे ओसरी. आजूबाजूला अंधार म्हणजे अंधार. भावजयीला — मंगलला — आम्ही कशासाठी आलोय ते कळलं तशी ती कपाळाला हात लावून उभी राहिली.

"आक्का, आवसंला लोकं घराच्या भायेर पडत नाय, आन तुमी पोरीला घेऊन वावरात उभ्या ऱ्हाणार व्हय?"

"अगं, पोरगीच मला घेऊन आलीय," मी म्हटलं.

"लई वाईट असतंय वो. निदान खिशात कांदा तरी ठिवा."

केतकीनं मामीचं मन राखायला कांदा खरंच जॅकेटच्या खिशात ठेवला. मला म्हणाली, "मम्मी, कांद्यानं फोकस बिघडत नाही, राहू दे."

दिवस मावळला. ओसरीपुढच्या खळ्यावर तिनं यंत्र मांडलं, ध्रुवाकडे तोंड करून बिजागरी लावली, कॅमेरा चढवला. शहरात असताना मला कृत्तिका डोळे बारीक करून शोधाव्या लागतात. इथं त्या इतक्या ठसठशीत की मी आपणहून बोट दाखवलं. दत्तानं तर जन्म तिथं काढलेला, पण तोही मान वर करून बघत म्हणाला, "आयला, ह्ये रोज हितंच असतंय का?"

आणि मग नशीब आडवं आलं. उत्तरेकडून ढग यायला लागले — अवकाळीचे. शेजारच्या वावरात गहू कापून पडला होता. त्या माणसानं ढग बघितले आणि घाईघाईनं थ्रेशर सुरू केलं. ती सगळी धूळ वाऱ्यानं आमच्याच बाजूला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कृत्तिका पिवळट, भुरकट दिसायला लागल्या. दत्ता पळत गेला, थोड्या वेळानं तसाच परत आला.

"आक्का, मला काय तोंड उघडवंना. त्याचा गहू भिजला तर वरीस जाईल त्याचं. त्यो तरी काय करील?"

केतकी म्हणाली, "नको मामा, त्यांना काही म्हणू नका." एवढंच. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून कळलं की रडू गिळलंय. त्याच धुळीतून तिनं जमतील तेवढे फोटो घेतले. मग ढगांनी पश्चिम झाकली, आणि कृत्तिका गेल्या.

मला वाटलं आता आवरेल. पण नाही. तिनं लेन्सचं टोपण लावलं आणि मला म्हणाली, "मम्मी, तुझं ते काळं अस्तर दे."

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. अंधारात जास्त वेळ फोटो घेतला की कॅमेरा स्वतःच्या पदरचे काही ठिपके त्यात घालतो. लाल, हिरवे, खोटे. ते ओळखायचे कसे? तर शेवटी टोपण लावून, अगदी तेवढ्याच वेळाचे आणखी काही फोटो घ्यायचे. टोपण लावल्यावर आकाश दिसायचा प्रश्नच नाही, म्हणजे त्या फोटोत जे दिसेल ते कॅमेऱ्याचं खोटं. घरी गेल्यावर कॉम्प्युटर हे खोटं खऱ्या फोटोंमधून वजा करतो. फोटो चांगले आले असोत की वाईट, हे टोपणाचे फोटो ती कधी चुकवत नाही. कुठून उजेड शिरू नये म्हणून मी तिला दुकानातलं काळं जाड अस्तर दिलेलं आहे.

मी स्वतः कॅमेरा त्या अस्तरात दुहेरी गुंडाळला. वरून नाडीनं गाठ मारली — आमच्या धंद्यात गठ्ठ्याला मारतात तशी, माझी गाठ मला अंधारातही ओळखू येते. केतकीनं तो मंगलच्या टोपलीत, लेन्स खाली करून ठेवला. आता कॅमेरा आपोआप थांबून थांबून फोटो घेणार होता. आम्ही आत जेवायला बसलो. भाकरी, पिठलं, ठेचा. दार उघडंच होतं, दारातून ओसरीवरची टोपली मला दिसत होती आणि मधूनच आतून खट्... खट्... असा आवाज यायचा. चार थेंब पडले तशी मंगल उठली आणि तिनं टोपली पत्र्याखालीच आणखी आत, भिंतीलगत सरकवली. आम्ही चौघंही समोर होतो. टोपलीला मंगलशिवाय कुणी हात लावला नाही, आणि तिनंही नुसती सरकवली.

जेवण झाल्यावर गाठ मीच सोडली. माझीच गाठ होती. टोपण घट्ट लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी पोचले तर केतकी लॅपटॉपपुढे गालाला हात लावून बसलेली. फोटो वाईट येणार हे माहीतच होतं, म्हणून मी समजुतीचं काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मम्मी, इकडे ये. याला भोकं पडलीयत."

स्क्रीनवर तिच्या कृत्तिका होत्या. धुळकट, फिक्या, निळ्या धुक्याचा पत्ता नाही. आणि त्यांच्या शेजारी, जरा खाली, काळी भोकं. सहा-सात ठळक, आजूबाजूला कितीतरी बारीक. त्याच आकाराचा झुबका, पण ताऱ्यांच्या जागी खड्डे.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"वजा केल्यावर भोक पडतं म्हणजे... जे वजा केलं त्यात काहीतरी होतं," ती म्हणाली. मग तिनं टोपणाचा एक फोटो उघडला.

दिवसभर काळ्या रंगात माझे हात असतात. बायका काळ्या साडीवर काळं ब्लाउजपीस मागतात तेव्हा जेट काळा, निळसर काळा, तपकिरी झाक असलेला काळा, सगळे काढून दाखवावे लागतात. टोपणाचे फोटो मी याआधी बघितले होते. ते म्हणजे सपाट, मेलेला काळा. हा तसला नव्हता. या काळ्यात खोली होती. आणि मधोमध कृत्तिका. एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा नेमका, गोल. आणि त्यांच्याभोवती ते निळं धुकं, वाऱ्यावर सोडलेल्या शिफॉनसारखं. असा निळा मी उभ्या आयुष्यात कापडात बघितलेला नाही.

तिनं पुढचा फोटो उघडला. तेच. त्याच्या पुढचा, तेच. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

मी खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसले. भीती वाटली का? हो, थोडी वाटली. खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त... मी बघतच राहिले. केतकी मात्र ओरडली नाही, फोन उचलून मैत्रिणींना सांगितलं नाही, काही नाही. तिनं पहिल्यांदा फाइलींची वेळ बघितली. आम्ही जेवत होतो तीच वेळ. मग एकेक शंका काढायला बसली. आधीचा फोटो कॅमेऱ्यात उरला असेल? पण आधीच्या फोटोत निळं धुकं आलंच नव्हतं, उरणार कुठून? टोपणाला चीर? असली तरी टोपणावर दुहेरी अस्तर, लेन्स खाली, वर पत्रे आणि पत्र्यावर ढग. आणि समजा, सगळं बाजूला ठेवून कॅमेऱ्याला आकाश दिसलंच, तरी तो त्या वेळी फळीवर नव्हता, टोपलीत पडून होता. फिरत नव्हता. मग ताऱ्यांच्या रेघा यायला हव्या होत्या, गोल ठिपके कसे?

पुढचे दिवस तिनं तोच कॅमेरा, तेच टोपण, तेच अस्तर घेऊन गच्चीवर पुन्हा पुन्हा फोटो काढले. मंगलकडून टोपलीसुद्धा मागवून घेतली, दत्तानं ती एसटीत कंडक्टरच्या हवाली करून पाठवली. प्रत्येक वेळी सपाट काळा. तिच्या कॉलेजच्या सरांनी फाइली घरी नेऊन तपासल्या. परत देताना म्हणाले, "फाइली खऱ्या आहेत. तुम्ही टोपण लावायला विसरला असाल." मी म्हटलं, "सर, अस्तर मी बांधलंय." ते माझ्याकडे बघून हसले.

माझ्या दुकानाशेजारी शकीलभाईंचं लेस-बटणांचं दुकान आहे. दोन्ही दुकानांची शटरं वर्षानुवर्षं एका वेळी वर जातात. मी त्यांना मोबाइलवर तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला.

"या अल्ला... भाभी, ये तो सुरय्या है! हमारे यहाँ लडकियों के नाम रखते ना, वो येइच." मग सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "तो इतना सोच कायको रहे? भेज देव ना पूना. टोपन लगा था के खुला था, फोटू पे लिखा हय क्या?"

आणि खरं सांगू? मलाही हेच म्हणायचं होतं. शिबिराची मुदत दोन-तीन दिवसांवर आलेली. एकीकडे धुळीनं खाल्लेला फिका फोटो, दुसरीकडे हा. कॅमेरा तिचा, फाइली तिच्या, वेळ-तारीख सगळं खरं. कुणाचं चोरलेलं नाही, कुठून उतरवलेलं नाही. मी तिला जेवणावर बसल्या बसल्या म्हटलं. आमचे हेही घरी होते, पहिल्या पाळीहून आलेले. तेही म्हणाले, "पाठव गं. देवानं दिलंय असं समज."

केतकी म्हणाली, "पप्पा, अर्जात लिहायचंय, मी काढलेला फोटो."

"मग? तुझाच तर कॅमेरा."

"कॅमेरा माझा आहे. फोटो मी नाही काढला. तेव्हा मी पिठलं खात होते."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. तिनं घास खाली ठेवला.

"मम्मी, तुला वाटतं मला जायचं नाहीये? मला इतकं जायचंय की रात्री डोळे मिटले तरी ती दुर्बीण दिसते. पण उद्या तिथं कुणी विचारलं, हे धुकं कसं आणलंस, तर मी काय सांगू? कुठल्या दिशेला लेन्स होती? जमिनीकडे. किती वेळ ट्रॅक केलंस? टोपलीत होता. हा फोटो कुणी काढला तेच मला माहीत नाही. ज्यानं काढला त्याचं नाव खोडून मी माझं लिहू?"

"आणि ज्यानं काढला तो काय तक्रार करायला येणार आहे?" मी चिडून म्हटलं.

"तो नाही येणार. मला मात्र माहीत असेल ना."

मी उठले. ताटं उचलली आणि मोरीत जाऊन भांडी आदळत बसले. राग कसला होता ते सांगता येणार नाही. पण भांडी घासता घासता राग कधी उतरला कळलं नाही. एकोणीस वर्षांची पोर. समोर ताट वाढून ठेवलेलं, सगळे म्हणतायत जेव, आणि ही म्हणते माझं नाही. असं आम्ही तिला कधी शिकवलं? मी तर दुकानात कालचा रंग आज "नवीन माल" म्हणून खपवणारी बाई!

तिनं धुळीचाच फोटो पाठवला. यंत्र कसं बनवलं ते लिहिलं, शेजारचं थ्रेशर लिहिलं, ढग लिहिले, आणि टोपणाचे फोटो वापरलेले नाहीत, त्यांत न समजलेली गडबड आहे, हेही लिहून टाकलं. मी म्हटलं, "एवढं तरी गाळायचंस." तोवर अर्ज गेलाही होता.

निवड झाली नाही. मेल आला त्या दिवशी ती गच्चीवर जाऊन बसली. मी मागून गेले. उजेड अजून होता, पश्चिमेला लाल-पिवळं आभाळ आणि त्यात तिच्या कृत्तिका कुठंतरी बुडालेल्या. मी तिच्याजवळ बसले. तिचे डोळे सुजलेले होते.

"तो पाठवला असता तर बरं झालं असतं, असं वाटतंय का?" मी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारलं.

ती म्हणाली, "वाटतंय. खूप वाटतंय. पण तरी नसता पाठवला." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. मीही रडले. दोघींची नाकं लाल बघून आमच्या यांनी कोपऱ्यावरून कुल्फी आणली. आमच्या घरात दुःखावर तोच इलाज चालतो.

यावर नोव्हेंबर उजाडला. पावसाळ्यानंतर आकाश धुऊन निघालेलं, कृत्तिका आता संध्याकाळी पूर्वेला उगवायला लागल्या होत्या. दिवाळीनंतरच्या अमावास्येला केतकीनं पुन्हा फळ्या बांधल्या. या वेळी तिला फोटो शिबिरासाठी काढायचा नव्हता, कुणाला पाठवायचा नव्हता. आम्ही पुन्हा दत्ताच्या खळ्यावर. कापूस वेचणीला आलेला, धूळ नाही, ढग नाही. थंडीत दोघी उभ्या राहून कॅमेऱ्याचा खट् खट् ऐकत होतो. मंगल आतून ओरडत होती, "आवो पिठलं थंड व्हतंय!" आणि केतकी म्हणाली, "मामी, आज मी जेवायला नंतर येणार. आज इथून हलणार नाही."

घरी येऊन तिनं फोटो जोडले. टोपणाचे फोटो आधी उघडून बघितले — सपाट काळे. मग वजाबाकी केली. मी तिच्या मागे उभी होते. चित्र हळूहळू उघडलं, आणि कृत्तिकांच्या भोवती, अगदी फिकं, नीट बघितलं तरच दिसेल इतकं, निळं धुकं आलं होतं. त्या टोपणाच्या फोटोच्या पासंगालाही पुरत नव्हतं. एका कोपऱ्यातले तारे जरासे ओढल्यासारखे आले होते. फळीनं मध्येच धक्का खाल्ला असणार.

केतकी खुर्चीतून उठली, माझे दोन्ही हात धरले आणि लहानपणी गच्चीवरून ओरडायची तसं ओरडली, "मम्मी! हा माझा!"

मार्चमधले ते टोपणाचे फोटो तिच्या लॅपटॉपमध्ये आहेत. तिनं त्यांच्यावर कुणाचं नाव घातलेलं नाही. या सदराच्या वाचकांपैकी कुणाला फोटोग्राफीतलं, खगोलशास्त्रातलं, नाहीतर आणखी कशातलं कळत असेल, तर जरूर सांगा. टोपण, अस्तर, पत्रे आणि ढग यांच्या आड कृत्तिका कशा आल्या, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि केतकी अजून शोधतेय. ते कुणी काढले ते मला ठाऊक नाही. नोव्हेंबरचा तो फिका, कोपऱ्यात ओढलेला फोटो मात्र मी मोठा करून दुकानात गल्ल्याच्या मागे लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, "काय हो, हे ठिपके कसले?" आणि मी हातातली कात्री बाजूला ठेवून सांगायला लागते.